तुडुमापुढची वाट

त्या वर्षी माझं आणि महादेवाचं फारसं पटत नव्हतं. मी माझ्याकडून सगळं करत होते आणि तो मात्र डोळे मिटून बसला होता, असं मला वाटायचं. जवाहरनगरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. नागपूरला जाऊन तासन्‌तास मशीनला जोडून घ्यायचं, थकून परत यायचं आणि पुन्हा जायचं, एवढंच त्याचं जगणं उरलं होतं. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. पण डॉक्टर म्हणाले, वजन उतरल्याशिवाय तुमची किडनी घेता येणार नाही, दिवाळीनंतर पुन्हा तपासू. ज्या अंगाला जन्मभर खात्यापित्या घरचं म्हणून मिरवलं, तेच नेमकं भावाच्या आड येऊन बसलं.

म्हणून पन्नाशीच्या तोंडावर मी धावायला लागले. करडीसारख्या गावात ओढणी खोचून, पायात मुलाचे बूट घालून एक बाई पहाटे पळते, ही काही लहान बातमी नाही. पहिल्या दिवशी धापा टाकत परत आले तर आमचे हे ओसरीवरूनच म्हणाले, "काहून वो, वाघ मांगं लागला होता का?" पण ह्यांचा धानाचा व्यापार, आणि दुकानातल्या काट्यावरची पोती उतरवून दर सोमवारी मला उभं करायचे तेही हेच. सुरुवातीला आकडा खाली येत गेला. "पायलीभर उतरली," हे हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. मला लाजही वाटायची आणि आनंदही व्हायचा.

घरापासून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, महादेवाच्या देवळापर्यंत एकदाही न थांबता धावत येईन, तू माझ्या भावाला वाचव, असं मी देवाला बोलले होते. अर्ध्या वाटेवर तलावाचं पाणी शेतात सोडायचं दार आहे, आमच्याकडे त्याला तुडुम म्हणतात. तिथवर मी पोचायला लागले आणि तिथेच अडकले. रोज तुडुमाशी आलं की छाती फुटायची, पाय लाकडाचे व्हायचे. काटाही हलेना. ह्यांची थट्टा बंद झाली, तेव्हा मी खरी घाबरले.

आपल्या बायकांना देव अडला की एकच उपाय सुचतो. मी उपास वाढवले. सोमवार होताच, त्यात गुरुवार घातला, मग शनिवार, मग एकवेळ जेवण. उपाशीपोटी जीव खाऊन धावायचं आणि संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीवर तुटून पडायचं! देवावर आपण उपकार करतोय, असंही मनात कुठेतरी होतं. इकडे दिवाळी झाली. भाऊबीजेला भावाला ओवाळताना निरांजनाच्या उजेडात त्याचा सुजलेला चेहरा पाहिला. तपासणी जवळ आली होती.

त्यानंतरच्या सोमवारी असं धुकं पडलं की तलाव कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. कापलेल्या धानाचा ओला वास येत होता. पाण्यावर कुठेतरी बदकं बोलत होती, पण दिसत नव्हती. पायाखालची पाळसुद्धा तरंगते आहे असं वाटत होतं. मी तुडुमाशी आले, नेहमीसारखी थांबले, आणि दगडावर बसून रडले. महादेवाला म्हटलं, आता माझ्याच्यानं होत नाही.

"कोण आहे वो?" धुक्यातून आवाज आला. एक म्हातारी उभी होती. नऊवारी लुगडं, डोक्यावर कापडात बांधलेली टोपली. डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढुरका पडदा. "देवळात जाऊन राहिली का? मलेई घेऊन चल माय. काहीच दिसून नाही राहिलं." मी उठले. तिनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाली, "तू आपली धाव. मी येतो मांगं. फक्त बोलत राय, म्हंजे मले रस्ता समजते."

मी निघाले. जरा वेग घेतला की धाप लागायची, बोलणं तुटायचं आणि मागून ओढणीला हिसका बसायचा. "बोल ना वो." मग मी बोलता येईल इतकीच धावायला लागले. तिची तुरुतुरु चाल आणि माझं धावणं एकच झालं. आधी हर हर महादेव म्हणत राहिले. ते सरलं तशी भावाबद्दल बोलायला लागले. तो लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायचा, आई शेतात गेली की माझ्याच हातून जेवायचा. बोलता बोलता जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते निघून गेलं, "मले लय भेव वाटून राहिलं, आजी." मागून ओढणी तेवढी धरलेली होती. आणि एकाएकी कपाळाजवळ देवळाची घंटा दिसली. तुडुम कधी मागे पडलं, मला कळलंच नाही.

म्हातारीनं टोपली उघडली. नव्या धानाचे पोहे आणि गूळ. नवं धान आधी देवाला द्यायचं, मग घरी खायचं, ही आमच्याकडची रीत. पिंडीपुढे ठेवून तिनं मूठभर माझ्या हातावर दिलं. मी म्हटलं, माझा सोमवार आहे. ती हसली. "उपास तुहा, नवं त्याचं. तुमचं तुम्ही पाहा." प्रसादाला नाही कसं म्हणायचं? मी पायरीवर बसून खाल्लं आणि भूक लागली होती हे मला पहिल्यांदा कळलं. हात धुऊन वळले तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. नंतर चार जणांना विचारलं. कोणी म्हणालं, पाहुणी आली असेल कोणाकडे. असेलही.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन वेळा नीट जेवले, आणि बोलता येईल तेवढ्याच वेगानं, महादेवाशी गप्पा मारत देवळापर्यंत धावले. काटा पुन्हा हलला. ह्यांची थट्टाही परत आली. तपासणीत डॉक्टर हो म्हणाले.

ऑपरेशननंतर मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. टाके ओढत होते, म्हणून तोंडानं महादेवाचं नाव घेत एकेक पाऊल टाकत होते. भाऊ काचेच्या दारामागे वेगळा ठेवलेला. त्याच्या दाराशी आले आणि वेदनेनं गप्प झाले. आतून बारीक आवाज आला, "ताई, बोलत राय ना. म्हंजे मले समजते."

त्या सकाळचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. मी भिंतीला टेकून डोळे मिटले. जे माझ्या जोरावर ओढून न्यायचं म्हणून मी जीव काढत होते, ते ओझं माझं नव्हतंच. माझ्याकडून फक्त आवाज मागितला होता, आणि ओढणीचं टोक कोणाच्या तरी मुठीत द्यायला सांगितलं होतं. महादेवाचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही.

"आहो रे बाबू, इथंच आहो," मी म्हटलं आणि पुन्हा चालू लागले, बोलता येईल तेवढंच.