गिऱ्हाइकांचा निरोप

मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. आता सगळ्यांनीच तिकडे राहायला जावं, असं बायकोचं म्हणणं होतं. सलूनवाले मात्र अडून बसले होते, "माझी गिऱ्हाइकं मला सोडायची नाहीत."

खात्री करून घ्यायला त्यांनी कात्री चालवता चालवता आपण जाणार असल्याचं एकेकाच्या कानावर घातलं.

"जा की," पोस्टमास्तर मान खाली घालूनच म्हणाले, "मोठं शहर, मोठी डोकी." शाळामास्तरांनी आरसा विकणार का, ते विचारलं. बाकीच्यांनी नेहमीसारखे डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी ते लवकर घरी आले.

"जाऊ या तिकडे."

"आणि तुमची गिऱ्हाइकं?"

"फार गळ घातली गं त्यांनी," चपला काढत ते म्हणाले. "पण घरच्यांचंही बघायला हवं."