डोंगराकडून येणारं पाणी

ओमानच्या राजधानीत, कुरुमच्या ऑफिसात, सलीमचा फोन आला. हा ओमानी कोळी एरवी मोडक्या हिंदीत तोंडाचा पट्टा सोडणारा, पण त्या दिवशी "इक्बाल... वादी..." एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. दक्षिणेकडच्या वादळाच्या बातम्या आम्ही सकाळपासून ऐकत होतो.

दक्षिण किनाऱ्यावर हासिकच्या पलीकडे, मागे उभा कडा आणि पुढे समुद्र यांच्यामध्ये ओंजळभर सपाटी आहे, तिच्यावर कोळ्यांची वस्ती. तिथल्या पाणी गोडं करायच्या प्लांटवर मी काही वर्षं होतो आणि इक्बालभाईचं किराणा दुकान हेच माझं घर होतं. माणूस रत्नागिरीच्या खाडीकाठचा, तोंडाने फाटका, मनाने सोनं. "सुरेश, समोर सरळ पवत गेलास तर माझ्या गावच्या दारात निघशील," असं मला चिडवायचा, आणि स्वतः मात्र पाण्यात पाऊल टाकायचा नाही. लहानपणी उधाणाने त्यांचं घर नेलं होतं.

त्यामुळे पहिलं चक्रीवादळ आलं तेव्हा त्याने आम्हा कोकणातल्या कुणीही केलं असतं तेच केलं. दर्याकडे पाठ फिरवली. मला आणि त्याच्या बायकोला, खदिजाभाभींना, पिकअपमध्ये कोंबलं आणि "यल्ला, डोंगराकडं!" म्हणत गाडी दामटली ती थेट वादीत, म्हणजे वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात. कड्याचा आडोसा होता, वारा लागत नव्हता, आम्हाला हायसं वाटलं. एवढ्यात सलीम धावत आला आणि बोनेटवर हात आपटत ओरडला, "बाहर! पानी उपर से आता!" आमच्यावर अजून धड पाऊसही नव्हता. इक्बालभाई हुज्जत घालत बसला, भाभी त्याला शिव्या घालत उतरल्या, आणि आम्ही समुद्राच्याच बाजूच्या खडकाळ उंचवट्यावर चढलो. मग डोंगरात घरघर सुरू झाली... बघता बघता पिकअप काडेपेटीसारखी वाहून गेली.

त्यानंतर आभाळ भरलं की तो वादीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. नवखे मजूर, फिरायला आलेली माणसं, सगळे आडोसा बघून आतच शिरतात. हा त्यांना हाकलून काढायचा. या वेळी रस्त्याच्या कामावरचे मजूर आत गाडी लावून बसले होते. त्याने त्यांना बाहेर काढलं, सगळे वाचले. गुडघ्यांनी अधू झालेला हा तेवढा मागे राहिला आणि लोंढ्याने त्याला समुद्रात नेलं. ज्या समुद्राला तो जन्मभर भ्यायला, त्यातूनच सलीमने होडी घालून त्याचा देह परत आणला.

इद्दतचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरात पाळायचे महिने संपल्यावर, गेल्या आठवड्यात, मी भाभींना न्यायला गेलो. त्यांनी तिथे एकटीने राहावं हे मला पटत नव्हतं. शिवाय, खरं सांगतो, मला इक्बालभाईचा राग आला होता. परक्यांसाठी जीव देताना घरच्या माणसाचा विचार नको करायला? दुकानाबाहेर त्याची खुर्ची होती, डोंगराकडे तोंड केलेली. ती समुद्राकडे वळवून मी बसलो. भाभींनी चहा आणून दिला.

"भाभी, सामान बांधा. तुमचा मुलगा गावी वाट बघतोय."

"नाय, भावजी. जरा उठा."

मी उठलो. त्यांनी खुर्ची पुन्हा डोंगराकडे फिरवली आणि स्वतः तिच्यात बसल्या. कड्यावर काळं जमायला लागलं होतं. त्यांची नजर तिकडेच होती.

"तुम्ही निघा आता," त्या म्हणाल्या. "आन जाताना वादीतून नको, वरच्या रस्त्यानं जावा."