मेहुण्याची मिशी

बॅगांच्या कारखान्यात चेन बसवण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यानं नोकरीसाठी दारोदार चपला झिजवल्या. जो तो म्हणे, "कळवतो." कळवलं कुणीच नाही. शेवटी घरातलं टेबल रस्त्याच्या कडेला मांडून त्यानं पाटी लावली : 'कसलीही अडकलेली चेन सोडवून मिळेल.'

मेहुणा हसून हसून बेजार झाला. "दाजी, चेनीवर कुणाचं पोट भरतं होय? संध्याकाळपर्यंत एक गिऱ्हाईक दाखवा. नाहीतर उद्यापासून मुकाट माझ्या गोदामात, पोती उचलायला!"

"चालेल," हा बोलून गेला आणि बायकोनं कपाळावर हात मारला. भावाच्या हाताखाली नवरा म्हणजे जन्मभर टोमणे.

दुपार कलली. माशा मारत बसावं, तर माशाही फिरकेनात. ऊन उतरलं तसा मेहुणा नवंकोरं जाकीट घालून हजर.

"काय दाजी, गर्दीत शिरायला वाट देता का?" म्हणत त्यानं मान खाली घालून ऐटीत चेन वर ओढली. सर्रकन गेली ती थेट त्याच्या झुपकेदार मिशीत!

"आई गं!" मान वर होईना, तोंड धड उघडेना. बघे जमले. कुणीतरी म्हणालं, "कातरी आणा." मेहुण्याचे डोळेच पांढरे झाले.

हा पक्कड घेऊन धावला, तर बायको आडवी. "थांबा हो. दादा, आधी सांग. तू अडकलायस तो भाऊ म्हणून, का गिऱ्हाईक म्हणून?"

"अगं, ओढतंय…"

"भाऊ असशील तर बस निवांत. चहा टाकते."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथं मिशी दाबली होती.

"गि… गिऱ्हाईक!" मेहुणा जाकिटात किंचाळला. बघ्यांनी टाळ्या पिटल्या.

यानं दातांवर मेणबत्ती घासली, म्हणजे चेनीच्या दातांवर. मग रनरच्या कडा पक्कडीनं हळूच फाकवल्या. आजवर कुठली बॅग शिंकली नव्हती. हे गिऱ्हाईक शिंकायला लागलं.

"हलू नका हो!"

"मिशी नाकात जातेय, दाजी!"

सर्रर्र! चेन सुटली. मिशी शाबूत. लगेच एका बाईनं पर्स पुढे केली, तिच्यामागून दोघांनी दप्तरं. तेवढ्यात पोटाशी वर्तमानपत्र धरलेले एक आजोबा कानाशी आले. "माझं जरा… आडोशाला बघता का? सकाळपासून तुमच्या पाटीभोवती घिरट्या घालतोय."

बायकोनं हसू दाबत घरातून चादर आणली. मेहुणा मिशी चोळत उभाच होता.

"बघतोस काय, दादा? ते टोक धर!"