रुमालाखालचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द बोललो तरी तुमचा गैरसमज होणार नाही.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले. त्यातलीच थोडी मेंढरं घेऊन मी धंद्याला लागलो आणि आज भिगवणपासून बारामतीपर्यंत कुठल्याही बाजारात उतरलो की दलाल सावरून बसतात. शेळीला मीठ चारून वर पाणी पाजलं की पोट टम्म फुगतं आणि नवखं गिऱ्हाईक तिला धष्टपुष्ट समजतं. असली शेळी मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. मला बाजारात कुणी फसवलेलं नाही. फसवलं ते ज्याला करडाच्या दातांवरून त्याचं वय सांगता येत नव्हतं, अशा माणसानं.

कळंबच्या चौकात त्यांचा दवाखाना. पुढच्या खोलीत बाकडी, मागच्या खोलीत डॉक्टर आणि त्यांची डॉक्टर सून. टेबलावर कायम एक निळ्या चौकड्यांचा रुमाल पडलेला. ताप, जुलाब, विंचू, बाळाचा डोस, म्हाताऱ्याचं बीपी, सगळं तिथंच. बायका म्हशीच्या पान्ह्याचंही विचारायच्या आणि डॉक्टर बिचारे विचार करून उत्तर द्यायचे. पेशंटनं हट्ट धरला की खुर्ची पुढं ओढायचे आणि म्हणायचे, "बरं, तुमचं राहू द्या, माझं राहू द्या. मधलं काहीतरी बोला."

बाकड्यावर बसून मी त्यांचे सौदे ऐकायचो. आमच्या आळीतली एक म्हातारी अंगात ताकद नाही म्हणून यायची. सुई टोचल्याबिगर मी उठायची न्हाय, असं दारातूनच बजावायची. डॉक्टर म्हणायचे, देतो ना सुई, पण ही सुई उपाशीपोटी चालत नाही. घरी जा, भाकरी खा, दाट वरण खा, वर एक अंडं खा आणि मग या. म्हातारी घरी जाऊन जेवायची. जेवली की तिला झोप लागायची आणि सुई राहून जायची. नातवंडांना वाढून स्वतः कोरभर भाकरीवर राहणारी ती बाई त्या न टोचलेल्या सुईनं चांगली टुणटुणीत झाली. आजही ती सुईचेच गुण गाते.

एकदा एक ऊसतोडीचा मुकादम आला. त्याला सलाईन हवं होतं आणि तेही पिवळंच हवं होतं, कारण त्याच्या मेव्हण्याला बारामतीत पिवळं लावलं होतं. डॉक्टरांनी त्याला तपासलं, ऊन लागलंय म्हणाले, आणि आत जाऊन तांब्याभर लिंबूसरबत मीठ-साखर घालून आणलं. "हे पिवळंच आहे. फक्त हे तोंडानं घ्यायचं असतं." मुकादमानं घोट घोट घेत, डोळे मिटून, अर्धा तास लावून ते संपवलं. मध्ये एकदा त्यानं विचारलं, जरा हळू सोडू का?

असा माणूस. तुम्हीच सांगा, याच्यावर कुणाला संशय येईल?

माझी पाळी आली ती पायामुळं. नव्या चपलेनं अंगठ्याला चावा घेतला आणि ती जखम काही केल्या भरेना. पुढं अंगठा काळपट दिसायला लागला. बायकोनं मला जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, साखर आहे. गूळ, गोड, तंबाखू आजपासून बंद. चहा एकदाच. रोज चालायचं. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाय.

शेळ्यांचा बाजार पायावर चालतो. कळपात शिरून, पाठ चाचपून, दोन जित्राबं सोडून तिसरं धरायचं असतं. खुर्चीत बसून हा धंदा होत नाही. तेव्हा पाय जाईल म्हणजे काय, ते मला पुरतं समजलं होतं. पण पहिल्या भावाला माल उचलायची मला सवय नाही.

मी म्हणालो, "हा झाला सांगायचा भाव. आता द्यायचा भाव बोला."

बायकोनं तोंडाला पदर लावला. हा बाजार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग माझा तुमचा सौदा जमत नाही, असं म्हणून मी चप्पल शोधू लागलो. डॉक्टर माझ्या पायाकडं बघत राहिले.

"तात्या, बसा," ते म्हणाले. "तुमच्या बाजारात कसं ठरवतात ते तरी दाखवा."

इथं माझं चुकलं. मी दाखवलं. टेबलावरचा तो चौकड्यांचा रुमाल उचलून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. आमच्याकडं जुने दलाल असेच रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, मूठ धरली की पाच. डॉक्टर लगेच शिकले. चहासाठी त्यांनी माझं एक बोट धरलं. मी त्यांची मूठ धरली. ते मान हलवत राहिले, मी मान हलवत राहिलो, बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले. शेवटी दोन कपांवर सौदा पटला. मी छाती काढून बाहेर आलो. बायको म्हणाली, "मी जलमभर दोनच प्या म्हणत हुते, तवा काय झालं हुतं?" तिला व्यापारातलं कळत नाही.

तेव्हापासून माझं प्रत्येक औषधपाणी रुमालाखाली ठरू लागलं. एक गोष्ट मात्र मला खटकायची. तंबाखू सोडली म्हणून मी शपथेवर सांगितलं की डॉक्टर नुसते हसायचे. मग मीच वैतागून खरं बोलायचो. बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःच सांगितलं. रुमालाखाली ते बोटांनी भाव करत आणि अंगठा माझ्या नाडीवर ठेवत. "तंबाखूचा विषय निघाला की तुमची नाडी पळते, तात्या." हा सरळसरळ दगा होता. आमच्या बाजारात असं कुणी केलं असतं तर मी त्याचं मुंडासं उतरवलं असतं. डॉक्टरांना मुंडासं नव्हतं.

चालण्याचा सौदा मात्र मी जिंकला होता. ते लांबचं सांगत होते, मी खाली आणत आणत कॅनॉलच्या पुलावर आणलं. दुसऱ्या दिवशी पुलावर पोचल्यावर लक्षात आलं, की परत पण यायचंय. परतीचं कुणी बोललंच नव्हतं. मग मी काय केलं, तर पुतण्याला फोन करून मोटरसायकल मागवली. सौदा जायचा झाला होता, यायचा नाही. चार दिवस हे बिनबोभाट चाललं. पाचव्या दिवशी मी मागं बसून ऐटीत येताना समोरून डॉक्टरांची स्कूटर आली. त्यांनी थांबवलं, डोळ्यांवर हात धरून पुलाकडं बघितलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. माझ्याच बोलण्यात कच्चं राहिलं." पुढच्या खेपेला पुलाच्या दुप्पट अंतरावरचा मुक्काम त्यांनी माझ्या गळ्यात मारला. परतीला खुशाल गाडी वापरा म्हणाले.

गोडावर मात्र मी एक बोटही सोडलं नाही. जखम अर्धी भरली आणि तिथंच थांबली. डॉक्टर म्हणाले, गोड सुटल्याशिवाय ही मिटायची नाही. त्या दिवशी टेबलावर पेढ्यांचा पुडा होता, कुणाला तरी नातू झाला होता. आणि आमचे डॉक्टर गोडाचे असे वेडे, की लग्नात भाताच्या आधी जिलबी संपवणारे. बोलता बोलता ते पेढा खात होते.

मी भडकलो. "तुमी पेढं हाणायचं आन् आमाला उपास सांगायचा व्हय?"

डॉक्टर थांबले. पेढा तोंडात तसाच. मग म्हणाले, चला, माझी पण साखर बघू. त्यांनी पेढ्याच्या हाताचंच बोट पुढं केलं, सुई टोचली, थेंब मशीनला लावला. आकडा माझ्या डोळ्यांदेखत आला. माझ्याहून जास्त होता. डॉक्टर कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं.

मग त्यांनीच रुमाल टाकला. "तात्या, तुम्ही सोडा, मी सोडतो. तुम्ही मोडलं की मी मोडणार. मग माझं काही झालं तर ते तुमच्याकडं." मी हात दाबला. आम्ही हात दाबला म्हणजे विषय संपला.

तालुक्यात बोलबाला झाला, की डॉक्टरांना साखर हाय आन् तात्या राखणीला बसलाय. राखण मी चोख केली. डाळजला एका लग्नात आम्ही समोरासमोरच्या पंगतीत होतो. वाढपी जिलबी घेऊन आला. डॉक्टरांचा हात उठला, हवेत थांबला, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी दोन्ही तळहात पत्रावळीवर पालथे घातले आणि वाढपी पुढं गेला. तेवढ्यात माझ्याकडं वाढपी आला, तर डॉक्टर जेवण थांबवून माझ्याकडं बघत बसले. शेजारचे म्हणाले, या दोघांचं काय वैर आहे का?

कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका लग्नाला मला आमंत्रण नव्हतं, पण डॉक्टरांना होतं. मग मी गेलो. मुलाकडच्यांना वाटलं मी मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटलं मी मुलाकडचा. दोन्हीकडून टॉवेल-टोपी आणि नारळ मिळाला. डॉक्टरांनी मला मांडवात बघितलं आणि हातातला लाडू गुपचूप शेजारच्या पोराच्या खिशात घातला.

दिवाळीला तर ते माझ्याशी भाव करायला घरी आले. करंजीची नुसती पारी चालेल का, सारण तुम्ही काढून घ्या. मी विचार करून परवानगी दिली. माझ्यासमोर बसून त्यांनी ती कोरडी पारी खाल्ली आणि बोटं चाटली. बोटांवर काही नव्हतं.

अशी वर्षं गेली. माझा अंगठा केव्हाच भरला.

मग डॉक्टर गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले, संध्याकाळचा दवाखाना उघडायला उठलेच नाहीत. बाहेर बाकड्यांवर पेशंट बसलेले.

त्यानंतर मला घास जाईना. मी मनातल्या मनात एकेक लग्न, एकेक बारसं तपासत होतो. माझी नजर कुठं चुकली? इंदापुरात त्या साखरपुड्याला मी उशिरा पोचलो होतो, तेव्हा तर काही खाल्लं नसेल?

तेराव्याला पंगत बसली. गोड म्हणून बुंदी होती. वाढपी आला तसे मी पत्रावळीवर हात पालथे घातले. डॉक्टरांची सून ते बघत होती. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तात्या, आज चिमूटभर घ्या."

"न्हाय. सौदा हाय." मग जे इतके दिवस मनात घोळत होतं ते विचारलं. "पोरी, खरं सांग. साखरंनंच गेलं का?"

"कुणाला साखर होती?"

"डॉक्टरास्नी."

 ती खाली बसली आणि म्हणाली, "बाबांना साखर नव्हती, तात्या. त्या दिवशी बोटाला पेढा लागला होता. तसल्या बोटाचं रक्त घेतलं की मशीन काहीही दाखवतं. तुम्ही गेल्यावर त्यांनी हात धुऊन परत तपासलं. मला दाखवून हसत होते."

मीठ चारलेली शेळी. रस्त्याच्या पलीकडून ओळखणारा मी, हातभर अंतरावर बसून फसलो.

मी म्हणालो, मग घरी चोरून तर खात असतील? माझा आवाज जरा आशेचाच होता. ती मान हलवून म्हणाली, "पुरणपोळीच्या दिवशी पण साधी पोळी खायचे. मी कितीदा म्हटलं, खा की, तात्यांना काय कळतंय. तर म्हणायचे, रुमालाखाली हात गेला की त्यांना माझी पण नाडी लागत असेल."

मला नाडीतलं ओ की ठो कळत नाही.

मी पंगतीतून उठलो आणि तिथंच आवाज चढवला. लोक म्हणाले, तात्याला दुःख झालंय. दुःख कसलं? एका धडधाकट, गोडाच्या वेड्या माणसापुढची जिलबी मी वर्षानुवर्षं परत पाठवली. बिनआमंत्रणाचा जाऊन त्याच्या हातातला लाडू काढला. त्याला करंजीची कोरडी पारी खायला लावली, आणि त्यानं ती खाल्ली, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. सूनबाई म्हणाली, तात्या, सौदा संपला, आता तुम्ही मोकळे. मोकळा कसा? समोरच्यानं हात काढून घेतल्याशिवाय आमच्यात सौदा संपत नाही, आणि त्यांनी तो काढलेला नाही.

ती बुंदी मी खाल्ली नाही. अजूनही गोड खात नाही. पुलाच्या दुप्पट लांब जातो आणि चालतच परत येतो.

पण या फसवणुकीचा जाब मला पाहिजे. डॉक्टरांना देता येत नसेल, तर ज्यानं त्यांना नेलं त्यानं द्यावा. सकाळी दवाखाना उघडला की मी पहिल्या बाकड्यावर असतो. तो चौकड्यांचा रुमाल सूनबाईकडून मागून घेतलाय, मांडीवरच असतो. ज्याला जाब द्यायचा असेल, त्यानं यावं आणि खाली हात घालावा.