नावेत फ्रिज होता

शालनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात पोवई नाक्यावर भाजी घेत होतो. पुतण्या महेश एवढंच म्हणाला, "काका, आई गेली... झोपेतच." मी पिशवी तशीच हातात धरून सांगलीची एसटी पकडली. वाटेत रडू आलं नाही. मनात एकच होतं, विलासला आता हायसं वाटलं असेल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची, अण्णाची, बायको. माहेर वडूजकडचं. माळावर मेंढरांमागं वाढलेली ही बाई लग्न होऊन आली ती थेट सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या काठाला. "आमच्याकडं पाणी बघायला लांब जावं लागतंय, आन् हितं पाणीच घर बघायला येतंय," असं त्या हसत म्हणायच्या. खाली अण्णाचं घोंगड्यांचं दुकान, वर माडीवर संसार. सहा गल्ल्यांवरून सांगली नाव पडलं, असं गावभागातले लोक अजून छाती फुगवून सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण एके काळी सांगली म्हणजे एवढीच होती. मग गाव विश्रामबागेकडे, मिरजेकडे पसरत गेलं. आधी डॉक्टर गेले, मग दुकानं, मग शिकलेली पोरं. आता निम्म्या घरांत विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत, शटरवर मेसच्या पाट्या आहेत, आणि जिथे बैलगाड्या सुटायच्या तिथे दुचाकी एकमेकींना टेकून उभ्या असतात. दर पुरानंतर चार कुलपं वाढतात. तरीही सकाळी घाटावर आंघोळीला जाणारी म्हातारी माणसं एकमेकांना नावानं हाक मारतात. असं नवीन सांगलीत कुठे ऐकू येत नाही.

विलास याच गल्लीतला. तो आणि अण्णा एकाच घाटावर पोहायला शिकले. पुढे तो पुढारी झाला, मंडळाचा अध्यक्ष झाला, नगरसेवकपदाची स्वप्नं बघू लागला. महापुरात मंडळाची नाव त्याच्याच ताब्यात होती.

त्या सकाळी पाणी दुकान गिळून जिन्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. अण्णाच्या छातीत कळा सुरू झालेल्या. वहिनी खिडकीतून ओरडत होत्या. विलासची नाव समोरून आली. तीत त्याच्या घरातला फ्रिज होता, टीव्ही होता, गाद्यांची वळकटी होती. "वहिनी, एवढी खेप टाकतो आन् आलोच," तो म्हणाला. तो आला नाही. संध्याकाळी जवानांची बोट आली तेव्हा अण्णा भिंतीला टेकून बसल्या जागी गेला होता. वहिनींनी माडीवर कोरडं राहिलेलं एक काळं घोंगडं त्याच्या अंगावर घातलं होतं.

पाणी ओसरलं आणि चौकात पूरवीरांचा सत्कार ठरला. पहिलं नाव विलासचं. मी वहिनींशेजारी बसलो होतो. त्याच्या खांद्यावर शाल पडली तशा त्या उठल्या, सरळ मंचावर चढल्या आणि माईकपाशी जाऊन म्हणाल्या, "इलास, नावंत फ्रिज व्हता का न्हाई, एवढंच सांग."

त्यानं शालीची घडी केली आणि मंचाच्या मागच्या बाजूनं उतरून गेला.

त्या दिवसापासून वहिनींचा हाच एक प्रश्न. गणपतीच्या आरतीला, वॉर्डाच्या सभेत, त्याच्या पोरीच्या लग्नात अक्षता पडल्यावर. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, फक्त विचारायचं. महेश शिरवळला कारखान्यात. तो म्हणायचा, आई, सोड ते घर, माझ्याकडे ये. मीही एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. "भावजी, मी गेले तर त्येला इचारणार कोण?"

हळूहळू गल्लीच विचारू लागली. तो दिसला की कट्ट्यावरची पोरं 'फ्रिज, फ्रिज' म्हणत. पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. शेवटी घर विकून तो विश्रामबागेत गेला. जाण्याआधी आला, उंबऱ्यातच वहिनींच्या पायावर डोकं ठेवलं. मी तिथेच होतो. "माफ करा, वहिनी. लय झालं आता."

"माझ्याकडं कशाला मागतोस? ज्येंच्याकडं मागायची ते वर माडीवर बसलेत. जा वर."

विलासनं जिन्याकडे पाहिलं. एक पाय उचललाही. मग वळला आणि चपला हातात घेऊन निघून गेला. वहिनींनी त्या दिवशी शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला... लोकांना हे क्रूर वाटेल. वाटू दे.

अंत्ययात्रेला तो आला. हातात भलं मोठं पुष्पचक्र, मागे दोन माणसं. गल्लीच्या तोंडाशी मी आडवा उभा राहिलो. महेश माझा हात ओढत होता, "काका, आज नको." पण आजच हवं होतं. तिरडी मागे थांबली होती. मी विचारलं, "विलास, नावेत फ्रिज होता का नाही?"

त्यानं पुष्पचक्र खाली टेकवलं. म्हातारा झालाय तोही. मग अगदी हळू म्हणाला, "व्हता."

सगळ्यांनी ऐकलं, फक्त जिनं ऐकायचं तिनं नाही. मी पुष्पचक्र घेतलं आणि बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवलं. खांदा मात्र त्याला देऊ दिला नाही.

परवा एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून त्यानं निरोप पाठवला : कबूल केलं, आता तरी मिटवा. मी महेशकडून माडीची किल्ली मागून घेतली आहे. दर रविवारी साताऱ्याहून जातो, खिडक्या उघडतो, केर काढतो, खाली गल्लीत कोण आलं-गेलं बघत बसतो. निरोप आणणाऱ्याला म्हणालो, त्याला सांग, मिटवायचं असेल तर वर येऊन बस. वहिनींनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला. मला दुसरा विचारायचा आहे. खेप टाकल्यावर परत का नाही आलास?