मामांचा दम आणि माझे पाय

भूतबीत मी मानत नाही. माझ्या दुकानात रोज एवढी जिवंत माणसं मापाच्या तक्रारी घेऊन येतात, की मेलेल्यांना घाबरायला सवडच होत नाही. एका नवरदेवाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या... तेव्हा फुटला तसा घाम पुन्हा कधी फुटेल असं वाटलं नव्हतं. फुटला. तेच सांगतो.

आम्ही म्हैसूरचे शिंपी. घरात मराठीच, पण कन्नड मधेमधे नाक खुपसतं — सांभाळून घ्या. देवराज मार्केटच्या मागे माझं टेलरिंगचं दुकान, त्याला लागूनच आमचं भजनमंदिर. तिथे एक जुना ऑर्गन आहे, पायांनी भाता मारून वाजवायचा. तो वाजवता येणारा एकच माणूस उरलेला — माझे नारायणमामा. वय अठ्ठ्याहत्तर, दम्याने बेजार. "माझ्यामागं याला कोण?" म्हणत त्यांनी मलाच धरलं. का, तर तीस वर्षं शिलाई मशीन मारून माझे पाय म्हणे तयार आहेत!

तिथेच घोळ झाला. मशीनवर टीप संपली की पाय आपोआप थांबतो आणि हात कात्रीकडे जातो. ऑर्गनवरही ओळ संपली की माझे पाय थांबायचे. हवा संपायची, सूर कण्हत कण्हत बसायचा. मामा ओरडायचे, "अरे बाबा, पाय थांबवू नको, माराया! ब्लाऊज शिवतोयस काय?"

आठवड्याभरात एक गोष्ट लक्षात आली. माझे पाय थांबले की शेजारी बसलेल्या मामांचा श्वास अडकायचा. पाय सुरू... श्वास सुरू. मी आपला चेष्टेत म्हणालो, "मामा, तुमचा दम माझ्या पायांत आहे की काय?" एरवी मला दहा शिव्या हासडणारा माणूस नुसता माझ्या पायांकडे बघत राहिला.

पुढच्या गुरुवारी मामा आलेच नाहीत. भर दुपारी मी एकटाच सराव करत होतो. नेहमीसारखाच — ओळ, थांब, ओळ, थांब. तेवढ्यात फोन वाजला. हिनकलहून मामांची सून, लता. हिनकल म्हणजे मंदिरापासून चांगलं सहा-सात किलोमीटर.

"भावोजी, मामंजींचा श्वास थांबतोय... परत येतोय... परत थांबतोय! अँब्युलन्सला सांगितलंय."

फोन मान आणि खांद्यात धरला. पाय आपसूक हलायला लागले.

"हां... आता घेतायत," लता म्हणाली.

शहाण्या माणसाने पुढे काय केलं असतं? मी काय केलं ते ऐका. खात्री करून घ्यायला मी पाय मुद्दाम थांबवले. मनात पाचपर्यंत मोजलं.

"अय्यो, थांबला! भावोजी, ओठ निळे पडले हो!"

मग मात्र जे पाय मारले! हात पट्ट्यांवर नव्हतेच, नुसता भाता. अँब्युलन्स आली, मामांना आत घेतलं, ती हुणसूर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकली... सगळं कानावर येत होतं. "बेग, बेग! लवकर!" म्हणून लता ड्रायव्हरवर ओरडत होती. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, शर्ट पाठीला चिकटला. पाऊण तासाने तिने सांगितलं, "पोचलो हॉस्पिटलला, ऑक्सिजन लावला." तरी दहा मिनिटं माझी थांबायची हिंमत झाली नाही. थांबलो, तेव्हा श्वास मीच रोखून धरला होता. काही झालं नाही.

त्या दुपारी मी भाता मारत होतो हे कुणालाच सांगितलं नाही. लताला नाही, बायकोलाही नाही. मधे मुद्दाम थांबलो होतो, हे तर कुठल्या तोंडाने सांगणार?

नवव्या दिवशी मामा घरी आले. मी संत्री घेऊन गेलो. लता कॉफी करायला आत वळली, तसा मामांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"कृष्णा, मधे एकदा मुद्दाम थांबलास ना रे?"

डॉक्टर म्हणाले दम्याचा ॲटॅक होता. असेल, ते शिकलेले आहेत. पण मामांना हे कसं कळलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आणि त्यांच्या प्रश्नाचं मी अजून दिलेलं नाही.