रिकामा चौकोन

माझी सून रक्तपेढीत कॉम्प्युटरवर काम करते. म्हणजे नक्की काय, ते मला विचारा. मी हात धुऊन मागे लागून समजून घेतलंय. रक्तदात्यांचा एक भलामोठा तक्ता असतो, एका ओळीत एक माणूस. पूर्वी प्रत्येक रक्तगटाला, प्रत्येक गावाला वेगळी क्वेरी, म्हणजे त्या तक्त्याला विचारायचा प्रश्न, लिहावी लागायची. हिने एकच लिहिली आणि तिच्यात दोन चौकोन सोडले, गट आणि गाव. चौकोनात जे भराल तेवढ्याच ओळी समोर येतात. त्या चौकोनांना ती पॅरामीटर म्हणते.

ती नवी नवी घरात आली तेव्हा आमचं पहिलं भांडण भाजीवरून झालं. "आई, कुठली भाजी करू?" असं तिने विचारलं. मी पेपरात डोकं घालून बसले होते, बोलले नाही. जेवायला बसते तर ताटात भाजीच नाही!

"तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं नकोय."

माझं डोकंच फिरलं. "अगं, गप्प बसले म्हणजे कुठलीही चालेल, एवढं कळत नाही?"

गेल्या महिन्यात एक बाळंतीण अत्यवस्थ झाली. तिचा गट दुर्मीळ. काउंटरवरच्या मुलीने गट भरला आणि गाव रिकामं ठेवलं, कारण कुठल्याही गावचा माणूस चालणार होता. पडद्यावर एकही ओळ आली नाही.

"कोणीच नाहीये," ती म्हणाली. समोर उभा असलेला बाळंतिणीचा नवरा ओरडला, "पुन्हा बघा!"

सून धावत आली. रिकामा चौकोन पाहिला आणि तिची ट्यूब पेटली. कॉम्प्युटर बिचारा गावच नसलेला माणूस शोधत होता! तिने उभ्या उभ्या क्वेरी बदलली. गाव भरलं असेल तर तपास, नसेल तर गावाची अटच सोडून दे. या वेळी चार-पाच ओळी आल्या. त्यातला लांबच्या गावचा एक सुतार फोनवर "निघालोच" म्हणाला आणि वेळेत पोचला. बाई वाचली.

"आई, ते भाजीचं भांडण आठवलं म्हणून सुचलं," घरी आल्या आल्या सून म्हणाली.

आता तिथे रिकाम्या चौकोनाला सगळे 'सासूबाई' म्हणतात. गाव कुठलंही चालणार असेल तर सासूबाई ठेवायची! मला आधी जरा झोंबलं.

काल ती बाई बाळाला घेऊन आमच्याकडे आली. "त्या सासूबाई तुम्हीच ना?"

मी बाळ मांडीवर घेतलं. अभिमानाने ऊर भरून आला होता. सुनेकडे बोट दाखवून म्हटलं, "गप्प बसणारी मी. त्याचा अर्थ कळलेली ही."